चिकित्सेचा तिसरा पाद

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे ते चार होत. वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रोगी हे चारही गुणसंपन्न असतील तरच व्याधीचें शमन होतें, असा आचार्यांचा अभिप्राय आहे. यांतील तिसऱ्या पादाच्या, म्हणजे उपस्थात्याच्या, अंगीं कोणते गुण असावे हेंही तेथें सांगितलें आहे: उपचारांचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं अनुराग आणि शुचिता. या चोहोंत ज्ञान पहिलें आहे, ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. उशाशीं बसून नुसता वारा घालणारा मनुष्य आचार्यांस अभिप्रेत नव्हता. तथापि त्याच अध्यायांत पुढें असेंही म्हटलें आहे कीं, चारांत वैद्य हाच प्रधान होय. माती, दांडा, चाक, दोरी हीं सर्व जवळ असूनही कुंभारावांचून घट होत नाहीं, त्याप्रमाणें वैद्यावांचून इतर तीन पाद निष्फळ ठरतात.

हा दृष्टांत आमच्या मनावर इतका ठसला आहे कीं, वैद्यकाचा इतिहास म्हणजे भिषजांचाच इतिहास अशी आमची समजूत होऊन बसली आहे. शस्त्रक्रिया करणाराचें नांव राहतें, औषध शोधणाराचें नांव राहतें. परंतु शस्त्रक्रियेनंतर त्या हाताकडून पुन्हां हाताचें काम कोणी करवून घेतलें, तो पाय जमिनीवर टेकावयास कोणी शिकविलें, हें विचारण्याची आम्हांस संवयच नाहीं. वस्तुतः कुंभाराचा दृष्टांत येथें पुरा पडत नाहीं. चाक आणि दांडा हीं जड आहेत. त्यांस ज्ञान नाहीं आणि अनुरागही नाहीं. ज्याच्या अंगीं ज्ञान हा पहिला गुण असावा असें आचार्य स्वतःच सांगतात, त्यास चाकाच्या पंक्तीस बसविणें न्यायाचें होणार नाहीं.

आधुनिक रुग्णालयांत हा तिसरा पाद अनेक शाखांनीं विस्तारला आहे. क्ष-किरणांनीं शरीराच्या आंतील चित्र घेणारा, रक्ताची परीक्षा करणारा, दुर्बळ स्नायूंस व्यायाम देणारा, कृत्रिम पाय घडविणारा, वाचा गेलेल्यास पुन्हां बोलावयास शिकविणारा, असे कितीतरी विद्यावंत आज वैद्याच्या शेजारीं उभे आहेत. आमच्या सरकारी मराठींत यांस 'निमवैद्यकीय' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. 'नीम हकीम' या बोलांत जो 'नीम' आहे तोच हा 'निम'; म्हणजे अर्धवट. ज्यांनीं वर्षानुवर्षें एका विद्येचा अभ्यास केला त्यांस दुसऱ्या विद्येचे अर्धे पंडित म्हणणें यांत केवळ भाषेचा दोष नाहीं, दृष्टीचाही आहे. या सर्व शाखांचा परामर्श एका लेखांत घेणें अशक्य आहे. म्हणून ज्या विद्येस इंग्रजींत ऑक्युपेशनल थेरपी आणि मराठींत व्यवसायोपचार म्हणतात, तिची आणि तिची सख्खी बहीण जो भौतिकोपचार त्याची, आमच्या मुंबईपर्यंतची हकीकत येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आरंभीं फ्रान्सांतील एक गोष्ट सांगणें अवश्य आहे, कारण या विषयांतील सारा अन्याय तींत बीजरूपानें सांपडतो. वेड्यांच्या अंगावरील साखळ्या पिनेल यांनीं काढविल्या, हें वाक्य वैद्यकाच्या अनेक इतिहासांत आढळतें. चित्रकारांनीं त्या प्रसंगाचीं भव्य चित्रेंही काढलीं आहेत. वस्तुस्थिति अशी कीं, पॅरिसजवळील बिसेत्र येथें वेड्यांच्या विभागावर झां-बातिस्त प्यूसें नांवाचा अधीक्षक होता. हा मूळचा कातडीं कमावणारा. गंडमाळेवर उपचार करून घेण्यासाठीं तो तेथें रोगी म्हणून आला, बरा झाला आणि तेथेंच चाकरीस राहिला. पिनेल १७९३ सालीं बिसेत्रास आले तेव्हां प्यूसें आणि त्याची पत्नी हीं रोग्यांस मारहाण न करतां, त्यांच्याशीं माणुसकीनें वागून विभाग चालवीत होतीं. पिनेल यांनीं ती पद्धति डोळसपणें पाहिली व लिहून काढली. पुढें १७९७ सालीं प्यूसेंनें बिसेत्रांतील साखळ्या बंद केल्या, तेव्हां पिनेल तें ठिकाण सोडून साल्पेत्रिएर येथील रुग्णालयांत गेलेले होते. पिनेल हे थोर मनाचे गृहस्थ होते. त्यांनीं प्यूसेंचें ऋण लेखांत मान्य केलें आणि कांहीं वर्षांनीं त्यास आपल्याकडे बोलावूनही घेतलें. विसर पडला तो पुढील पिढ्यांस. वैद्यानें उपस्थात्यास ओळखलें होतें. इतिहासानें ओळखलें नाहीं.

प्यूसें ज्या काळीं हें करीत होता त्याच काळीं, १७९६ सालीं, इंग्लंडांतील यॉर्क येथें विल्यम ट्यूक या चहाच्या व्यापाऱ्यानें मनोरुग्णांसाठीं 'रिट्रीट' नांवाचें एक आश्रयस्थान उघडलें. ट्यूक हे क्वेकर पंथाचे. प्रत्येक मनुष्याच्या अंतर्यामीं ईश्वरी प्रकाशाचा अंश आहे, ही त्या पंथाची श्रद्धा. तेव्हां वेड लागलेल्या मनुष्यांतही तो अंश असलाच पाहिजे, आणि त्यास योग्य काम दिलें तर तो जागृत होईल, असा सरळ विचार करून तेथें रोग्यांस कामांत गुंतविण्यांत येऊं लागलें. हाच विचार क्वेकरांबरोबर अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथें गेला आणि १८१७ सालीं तेथेंही तशी संस्था सुरू झाली. पुढें बरोबर शंभर वर्षांनीं, १९१७ च्या मार्च महिन्यांत, न्यूयॉर्क राज्यांतील क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गांवीं सहा जण एकत्र जमले आणि त्यांनीं व्यवसायोपचाराच्या प्रसारासाठीं पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन केली. या सहांत डॉक्टर एकच होता. दोघे वास्तुशिल्पी होते, आणि बाकीच्या तीन स्त्रियांत एक समाजसेविका व एक हस्तकलेची शिक्षिका होती. ज्यांनीं ही सभा बोलाविली ते वास्तुशिल्पी जॉर्ज बार्टन क्षयानें गांजलेले आणि डाव्या अंगानें लुळे पडलेले होते. स्वतःवर प्रयोग करूनच ते या मतास आले होते. तात्पर्य, ही विद्या वैद्यांच्या उष्ट्यावर वाढलेली नाहीं. रोगी, कारागीर, शिक्षिका आणि वैद्य अशा निरनिराळ्या लोकांनीं मिळून ती उभी केली आहे.

पण ही विद्या करते तरी काय, असा प्रश्न वाचक विचारतील. एखादें उदाहरण घेऊं. गिरणींतील एका कामगाराचा हात यंत्रांत सांपडून मोडला. शस्त्रवैद्यानें हाड बसविलें, जखम भरली, क्ष-किरणांच्या चित्रांत हाड नीट जुळलेलें दिसलें. वैद्यकाच्या दृष्टीनें तो बरा झाला. परंतु त्याची मूठ मिटत नाहीं, मनगट वळत नाहीं, आणि तुटलेला धागा जोडण्याचें त्याचें काम त्यास करतां येत नाहीं. हाड बरें झालें, कामगार बरा झाला नाहीं. येथून व्यवसायोपचारतज्ज्ञाचें काम सुरू होतें. प्रत्येक सांधा किती अंशांत वळतो हें कोनमापकानें मोजावयाचें. कोणता स्नायु दुबळा आहे हें ठरवावयाचें. आणि ज्या कामांत नेमका तोच स्नायु, तेवढ्याच जोरानें वापरावा लागेल असें काम निवडावयाचें. लाकूड घासावयास द्यावयाचें तर ठोकळ्याची मूठ आज जाड, आठवड्यानंतर थोडी बारीक. हातमाग द्यावयाचा तर फणी ओढण्यास आज हलकी, उद्यां जड. बाहेरून पाहणारास वाटतें कीं रोग्याचा वेळ जावा म्हणून त्याच्या हातीं कांहीं खेळणें दिलें आहे. पण वैद्याच्या औषधास जसें मान असतें तसेंच या कामासही मान असतें. तें चुकलें तर सांधा सुजतो.

ही विद्या मुंबईस आणण्याचें श्रेय कमलाबाई निंबकर यांचें आहे. त्यांचें माहेरचें नांव एलिझाबेथ लुंडी. १९०० सालीं अमेरिकेंत एका क्वेकर कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. १९३० सालीं विष्णुपंत निंबकर यांच्याशीं त्यांचा विवाह झाला आणि एलिझाबेथच्या कमलाबाई झाल्या. पुढें चाळिशी उलटल्यावर, ज्या वयांत आमच्याकडील सुशिक्षित मनुष्यही नवें पुस्तक उघडावयास कंटाळतो त्या वयांत, त्या फिलाडेल्फियास जाऊन व्यवसायोपचार शिकल्या. यॉर्कच्या चहाच्या व्यापाऱ्यानें पेरलेलें बीज अशा रीतीनें दीडशें वर्षांनीं एका क्वेकर कन्येच्या ओटींतून मुंबईस आलें. १९५० सालीं परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत त्यांनीं व्यवसायोपचाराचें विद्यालय सुरू केलें. हें भारतांतील पहिलें. दोनच वर्षांनीं अखिल भारतीय संघटना निघाली. त्याच १९५२ सालीं इंग्लंडांत लिव्हरपूल येथें या विद्येच्या जागतिक संघटनेची पायाभरणी झाली, तेव्हां तींत सामील झालेल्या दहा देशांत भारत होता. १९५८ सालीं नागपुरास दुसरें विद्यालय निघालें. एका स्त्रीनें आठ वर्षांत एवढें करून दाखविलें.

या कामांत मुख्य अडचण पैशाची किंवा जागेची नव्हती, असें आमचें मत आहे. मुख्य अडचण आमच्या मनाची होती, आणि ती दुहेरी होती. पहिली ही कीं, हातानें करावयाच्या कामाविषयीं आमच्या समाजांत पिढ्यान् पिढ्या तिरस्कार मुरलेला आहे. विणणें, सुतारकी, मातीकाम हीं ज्या त्या जातीचीं कामें. रुग्णालयासारख्या विद्येच्या मंदिरांत माग आणि रंधा यांस काय स्थान, असें शिकलेल्यांस वाटे. दुसऱ्याचें अंग चोळणें हें तर त्याहूनही हलकें. सेवाग्रामांत कुष्ठरोगानें पीडलेल्या परचुरे शास्त्र्यांच्या अंगास गांधीजी स्वतः मालिश करीत, ही गोष्ट देशभर गाजली, आणि तें योग्यच झालें. पण ती गाजली ती मालिश करणारे हात गांधीजींचे होते म्हणून. तेंच काम रोज, ठराविक पगारावर, अनोळखी रोग्यांसाठीं, शास्त्रशुद्ध रीतीनें करणारांकडे आमचें लक्ष गेलें नाहीं. वरोऱ्याजवळ आनंदवनांत बाबा आमटे यांनीं १९५१ पासून कुष्ठरुग्णांच्या हातीं कुदळ देऊन हेंच सत्य दुसऱ्या वाटेनें सिद्ध केलें. दानानें जें उभें राहत नाहीं तें श्रमानें राहतें.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे, कारण ती आमच्या दुर्गुणांतून उद्भवत नाहीं, सद्गुणांतून उद्भवते. आजारी माणसाची सेवा म्हणजे त्याचें सर्व कांहीं आपण करणें, अशी आमची कल्पना आहे. त्यास भरवावें, न्हाऊं घालावें, कुशीवर वळवावें. त्यानें बोटही उचलूं नये. व्यवसायोपचार याच्या अगदीं उलट सांगतो. रोग्याचें जें काम रोग्यास थोडेंही करतां येईल तें दुसऱ्यानें करूं नये, हा त्याचा पहिला नियम.

या बाबतींत आमचाच एक अनुभव सांगणें प्राप्त आहे. कांहीं वर्षांपूर्वी आमच्या मातोश्रींस पक्षाघात झाला. डॉक्टरांनीं त्यांचे प्राण वांचविले. उजवें अंग मात्र लुळें राहिलें. घरीं आणल्यावर आम्ही सर्वांनीं सेवेची शर्थ केली. वाटीचमचा घेऊन कोणी ना कोणी त्यांच्याजवळ बसलेलेंच असे. मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून एक तरुण बाई आठवड्यांतून तीनदां येऊं लागल्या. पहिल्याच दिवशीं त्यांनीं चमच्याच्या दांड्यास फडकें गुंडाळून तो जाड केला, ताट सरकूं नये म्हणून त्याखालीं ओला पंचा घातला, चमचा मातोश्रींच्या उजव्या हातांत दिला, आणि आम्हांस सांगितलें, "आतां कोणीं हात लावायचा नाहीं." चार घांस भातास अर्धा तास लागला. आमटी लुगड्यावर सांडली. मातोश्रींच्या डोळ्यांत पाणी उभें राहिलें. हें पाहणें आमच्यानें होईना. आम्ही उठून बाहेर गेलों आणि ही बाई कठोर आहे असें उघड बोललों. बाईंनीं तें ऐकलें असावें. त्या कांहीं बोलल्या नाहींत, दुसऱ्या खेपेस वेळेवर आल्या. तीन महिने असे गेले. एके दिवशीं मातोश्री आपल्या हातानें जेवतां जेवतां म्हणाल्या, "आमटींत मीठ कमी आहे." आमच्या लक्षांत आलें कीं, इतके महिने त्यांनीं अन्नास एकदांही नांव ठेविलें नव्हतें. भरवून घेणारा मनुष्य चवीविषयीं बोलत नाहीं. तो अधिकार आपल्या हातानें जेवणाराचा आहे. पुढें बाईंचें काम संपलें, त्यांचे पैसे चुकते केले, त्या गेल्या. प्राण वांचविणाऱ्या डॉक्टरांचें नांव आम्हीं शंभर जणांस सांगितलें असेल. त्या बाईंचें नांव आम्हांस आजही ठाऊक नाहीं. आम्हीं तें विचारलेंच नव्हतें.

घरोघर चाललेल्या या कामाचें मोल सबंध शहरास कळण्याचा प्रसंग मात्र एकदां आला होता. १९५२ सालीं मुंबईंत पोलिओची सांथ उद्भवली. त्यापूर्वीं या दिशेनें कांहीं प्रयत्न झालेले होते: महायुद्धांत जायबंदी झालेल्या सैनिकांसाठीं १९४४ सालीं पुण्यास कृत्रिम अवयवांचें केंद्र निघालें होतें, आणि स्वतःच्या मुलीस पोलिओ झाल्यावर हा प्रश्न हातीं घेणाऱ्या फातेमा इस्माइल यांनीं १९४७ सालीं मुंबईंत अपंग मुलांसाठीं उपचारकेंद्र उघडलें होतें. परंतु सांथीनें हजर झालेला प्रश्न निराळाच होता. पोलिओवर तेव्हां औषध नव्हतें, आजही नाहीं. आणि लस १९५५ पर्यंत निघावयाची होती. ताप उतरल्यावर भिषक् व द्रव्य हे दोन्ही पाद तेथें थांबत. शिल्लक राही तें वाळत चाललेलें मुलाचें पाऊल आणि त्याची आई. येथें ज्याची गरज होती तो तिसराच पाद, आणि तो आमच्याकडे नव्हता. म्हणून १९५३ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानें के. ई. एम. मध्येंच भौतिकोपचाराचें विद्यालय सुरू झालें.

पोलिओच्या रोग्याचा प्रत्येक स्नायु निरनिराळा तपासून त्यास शून्यापासून पांचपर्यंत गुण द्यावयाचे, ही रीत आज जगभर चालते. तिचें मूळ बॉस्टन येथें आहे. आणि तिला शस्त्रवैद्य लोव्हेट यांचें नांव चिकटलेलें असलें तरी स्नायूंची ही परीक्षा बसवून १९१२ सालीं प्रसिद्ध करणाऱ्या त्यांच्या साहाय्यक विल्हेल्मिन राईट या होत्या. पुनः प्यूसेंचीच कथा! एक गुण मिळालेला स्नायु नुसता थरथरतो; दोन मिळालेला आडवा हलतो पण भार उचलीत नाहीं; तीन मिळालेला आपलेंच वजन पेलतो. दोनापासून तीनापर्यंत जावयास एखाद्या मुलास वर्ष लागतें. त्या वर्षांत रोज तोच पाय, तोच व्यायाम, तेंच प्रोत्साहन. भारतांत पोलिओचा शेवटचा नैसर्गिक रोगी १३ जानेवारी २०११ रोजीं आढळला आणि २०१४ सालीं देश पोलिओमुक्त ठरला. त्या विजयाचा इतिहास लिहितांना लसीचा गौरव होतो, व व्हावाच. पण लस ज्यांच्यापर्यंत वेळेवर पोंचली नाहीं तीं मुलें कुबड्या आणि लोखंडी पट्ट्यांच्या आधारानें शाळेंत गेलीं, नोकऱ्यांस लागलीं, संसार करूं लागलीं. त्यांच्या चालीचा इतिहास अद्याप कोणी लिहिलेला नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, हें सर्व खरें असलें तरी अंतिम जबाबदारी वैद्याची असते, आणि जेथें जबाबदारी तेथें श्रेय. हा आक्षेप निरर्थक नाहीं. निदान चुकलें तर व्यायामानें लाभाऐवजीं हानि होईल, हें उघड आहे. वैद्याचें प्राधान्य आम्ही नाकारीत नाहीं. कमलाबाईंचें विद्यालयही रुग्णालयाच्या छत्राखालींच वाढलें. आमचें म्हणणें एवढेंच कीं, प्रधान असणें म्हणजे एकटें असणें नव्हे. रणांगणावर सेनापति प्रधान खरा, पण एकट्या सेनापतीनें लढाई जिंकली असें कोणताही बखरकार लिहीत नाहीं. शिवाय श्रेयाचा प्रश्न केवळ मानापमानाचा नाहीं. ज्या विद्येस नांव नाहीं तिच्याकडे बुद्धिमान् मुलें वळत नाहींत, तिच्या नांवावर अनधिकारी लोक धंदा करतात, आणि त्याचें फळ रोग्यास भोगावें लागतें. महाराष्ट्रानें २००२ च्या कायद्यानें व्यवसायोपचार व भौतिकोपचार यांसाठीं स्वतंत्र परिषदेची तरतूद केली. २०२१ सालीं संसदेनें सहयोगी आरोग्यव्यवसायांसाठीं राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. 'निम' जाऊन 'सहयोगी' आलें. कायद्यानें शब्द बदलला. लोकांच्या तोंडीं तो बसविणें हें कायद्याचें काम नव्हे, आमचें आहे.

या विद्येचें यश ओळखणें कठीण कां जातें, याचा विचार केला असतां आम्हांस एकच कारण दिसतें. शस्त्रवैद्याच्या यशाची गोष्ट होते, कारण तेथें कांहीं अद्भुत घडतें. व्यवसायोपचाराचें यश म्हणजे कांहींच अद्भुत न घडणें. एक मनुष्य सकाळीं उठतो, सदऱ्याच्या गुंड्या आपण लावतो, मांडी घालून पाटावर बसतो. एक बाई दोन्ही तळव्यांनीं भाकरी थापते. यांत सांगण्यासारखें काय आहे? काम जितकें उत्तम, तितका त्याचा मागमूस कमी. कमलाबाई १९७९ सालीं निवर्तल्या. आपल्या विद्येचा भारतांतील इतिहास त्यांनीं स्वतःच लिहून ठेविला होता. तो त्यांच्या मागें प्रसिद्ध झाला. दुसरें कोणी लिहील याची त्यांनीं वाट पाहिली नाहीं, हें बरेंच झालें.

शेवटीं पुन्हां चरकांकडे वळूं. चौथा पाद म्हणून त्यांनीं रोग्यास गणलें आहे, आणि त्याच्या गुणांत निर्भयपणा घातला आहे. निजून राहिलेला, दुसऱ्याच्या हातानें जेवणारा, चवीविषयीं न बोलणारा रोगी हा नांवाचाच पाद. त्यावर चिकित्सेचा भार पडत नाहीं. त्यास उठवून, धीर देऊन, स्वतःच्या चिकित्सेंत उभा करणें हें तिसऱ्या पादाचें खरें कर्तृत्व होय, आणि तें वैद्यासही एकट्यानें साधत नाहीं. म्हणून वाचकांस एक विनंति आहे. आजारांतून उठलेल्या कोणा मनुष्यास भेटावयास गेल्यावर डॉक्टर कोण होते हें आपण विचारतोंच. त्यापुढें आणखी एक प्रश्न विचारावा, आणि जें नांव कळेल तें लक्षांत ठेवावें. आम्हीं तें केलें नाहीं, ही चुटपुट आम्हांस अजून आहे.